अमेरिकेच्या बंदुकांचा निवाडा नाशिकच्या गंगापूर रोडवर बसून

गोदाकाठ:
काल नाशिककरांच्या गटावर एकाने लिहिलं, "अमेरिकेत शाळेत पोरं मरतात तरी सरकार ढिम्म. वेडी जमात आहे. आपल्याकडे असतं तर एका दिवसात बंदी आली असती." खाली धडाधड अंगठे. डोकं तापलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका दिवसात कशी येणार बंदी? शस्त्राचा हक्क तिथल्या घटनेत १७९१ पासून आहे. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरवला. २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेरही नेला. आता तो काढायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी हवी. मॅसॅच्युसेट्समध्ये परवान्यासाठी पोलिसांच्या दारात जावं लागतं, टेक्सासमध्ये २०२१ पासून पिस्तूल बाळगायलाही परवाना लागत नाही. दोघांना एकाच काठीने कसलं हाकता?

आणखी एक. २०२१ साली तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या. आपल्याकडच्या एकाही चर्चेत हे येत नाही.

जगभरातल्या बंदुकांची मोजदाद करणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजात नागरिकांच्या हातातल्या बंदुकांमध्ये अमेरिकेखालोखाल भारताचाच नंबर आहे, सुमारे ७ कोटी १० लाख, आणि त्यातल्या बहुतेक नोंदणीशिवाय. गावठी कट्टा सापडल्याच्या बातम्या आपल्या पेपरात नवीन नाहीत. आधी आपलं अंगण बघा.

डॅलसवाली:
आकडा सांगायचा तर पुरता सांगा. त्याच अंदाजात भारतात १०० माणसांमागे ५ बंदुका आणि अमेरिकेत १२०. अंगण कोणाचं भरलंय ते दिसतंच आहे.

माझं माहेर नाशिकरोडचं. मुलगा इथे टेक्सासात, डॅलसला बालवाडीत जातो. मध्यंतरी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तो एकदम टेबलाखाली गेला, गुडघे पोटाशी घेतले, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज्जी, असं बसायचं. दिवे बंद झाले की बोलायचं नाही, बाईंनी हाक मारली तरी दार उघडायचं नाही." आजीला वाटलं लपंडाव चाललाय, ती टाळ्या वाजवत होती. मी काय सांगणार तिला, की हा शाळेतला गोळीबाराचा सराव आहे? २०२२ मध्ये टेक्सासातल्याच उवाल्डेच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर इथल्या शाळांमध्ये आरपार दिसणारी दप्तरं आली. तुम्ही हेलर आणि ब्रुएन सांगता. मला सकाळी त्याला शाळेत सोडायचं असतं.

जुना पंचवटीकर:
ताई, तुमचं दुःख मान्य. पण "बंदुकीचा हक्क म्हणजे वेडेपणा" असं नाशिकच्या माणसाने तरी म्हणू नये. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनने शस्त्रांचा कायदा आणला. गोऱ्यांना सूट, आपल्याला परवाना. आपल्या पुढाऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. आणि २१ डिसेंबर १९०९ ला याच गावात, विजयानंद थिएटरात, अनंत कान्हेरेंनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलाने. ते पिस्तूल परवान्याचं नव्हतं. निःशस्त्र प्रजा म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलंय.

मेनरोड मास्तर:
कान्हेरेंना कुठे आणून बसवलंत? ती परकीय सत्तेविरुद्धची लढाई होती. स्वराज्य आल्यावर काय झालं तेही सांगा की. १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामतांनी शस्त्राच्या हक्काची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती पडली. आज अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे तो "शांततेने व विनाशस्त्र". आपल्या माणसांनी हा प्रश्न पूर्ण विचार करून सोडवला, आणि बरोबर सोडवला.

निफाडचा मळा:
बरोबर सोडवला म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्या मळ्यात काढावी. चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यात उसात बिबट्या, आणि आमची घरं मळ्यातच. रात्री उसाला पाण्याची दारं धरायला जातो, एका हातात बॅटरी, एका हातात फावडं. मागं बायको डबा वाजवत चालते. शेजारच्या वस्तीवरनं दावणीचं वासरू उचलून नेलं. बारा बोअरच्या बंदुकीच्या परवान्याचा अर्ज टाकला, चौकशी झाली, दाखले झाले, तरी कागद एका टेबलावर पडून आहे. विचारायला गेलं की उद्या या. अमेरिकेत निदान सरकार शेतकऱ्यावर भरवसा तरी ठेवतं. आमच्याकडं आधी संशय, मग अर्ज.

वनखात्यातून निवृत्त:
भाऊ, बंदूक मिळाली तरी काय करणार? बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा प्राणी आहे. जीव वाचवताना मारला तरच कायद्याचं संरक्षण, दिसला म्हणून झाडला तर आत जाल. अन् अंधारात, उसात, बॅटरीच्या उजेडात छर्रा सोडलात तर तो पलीकडच्या बांधावरच्या माणसाला लागेल. जखमी बिबट्या धड बिबट्यापेक्षा जास्त धोक्याचा. तोडणीत पिल्लं सापडली की आम्ही ती खोक्यात घालून तिथेच ठेवायचो आणि लांब बसायचो. रात्री आई येऊन एकेक उचलून न्यायची. त्या वाटेत उभे राहून बंदूक रोखणाऱ्याचं काय होईल ते मला सांगायला लावू नका.

निफाडचा मळा:
तुम्हाला पेन्शन आहे साहेब. पिल्लं सांभाळलीत, चांगलं केलंत. आमची पोरं अंधारात शाळेच्या गाडीपर्यंत चालत येतात, त्यांच्यासाठी कुठलं खोकं ठेवलंत? पिंजरा मागितला तर तो दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

मेनरोड मास्तर:
रात्री पाणी भरायला लागतं हा मूळ आजार आहे. शेतीला वीज रात्रीची देणार, मग माणूस आणि बिबट्या एकाच वेळी बाहेर. शेतीला दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून चालू आहे ना? तुमच्या फीडरवर आली का?

निफाडचा मळा:
शेजारच्या गावात आली, आमच्याकडं नाही. दिवसा आठ तास सलग वीज द्या, मग परवान्याचं बघू. पण तोवर बंदूक मागणारा वेडा, असं शहरातल्या कोणी म्हणायचं नाही.

गोदाकाठ:
माझा मुद्दा नेमका हाच आहे. निफाडच्या माणसाला बंदूक का हवी हे गंगापूर रोडला कळत नाही, मग टेक्सासच्या गुराख्याला ती का हवी हे कसं कळणार? आणि डॅलसवाली ताई, काहीच बदलत नाही असंही नाही. उवाल्डेनंतर महिन्याभरात, जून २०२२ मध्ये, केंद्राचा कायदा झाला. २१ च्या आतल्या खरेदीदारांची तपासणी वाढली.

डॅलसवाली:
वाढली. तेवढं देते तुम्हाला. पण उवाल्डेचा तो मुलगा १८ चा होता, रायफल त्याने दुकानातून रीतसर विकत घेतली होती, आणि १८ व्या वर्षी ती इथे आजही मिळते. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. पोलीस ७७ मिनिटं थांबून होते. गुराख्याची रायफल आणि निफाडच्या दादांची बारा बोअर मला कळते. वर्गात आलेली ती बंदूक त्यातली नव्हती, हे का मिसळता?

आणि परक्यांनी बोलू नये म्हणता, तर ऐका. २०१७ साली कॅन्ससमध्ये ओलेथच्या बारमध्ये हैदराबादच्या इंजिनिअरला "माझ्या देशातून चालता हो" म्हणत गोळी घातली. तोही परकाच होता. मी इथे कर भरते, मुलगा इथला नागरिक आहे, मला मतदानाचा हक्क नाही. शाळा मंडळाच्या बैठकीत दिलेल्या मिनिटांत बोलते आणि खाली बसते. नाशिकमधून कोणी काळजीने चार शब्द लिहिले तर मला त्याचा राग येत नाही. "वेडी जमात" लिहिलं की येतो, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

जुना पंचवटीकर:
कराची ठरावाला मात्र कोणी उत्तर दिलेलं नाही.

मेनरोड मास्तर:
दिलंय. अनुच्छेद १९, वर जाऊन पुन्हा वाचा.