'खिशाबाहेरचा खर्च' म्हणजे नेमका कोणता?

पेपरात आरोग्याच्या बातमीत 'खिशाबाहेरचा खर्च' हा शब्द वाचला आणि बाबांना वाचून दाखवला, तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे न परवडणारा ना?" (आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले.) मराठीत त्याचा अर्थ तोच होतो. बातमीतला अर्थ मात्र वेगळा होता, सरकारने किंवा विम्याने न भरता माणसाने स्वतः भरलेला पैसा. इंग्रजीतल्या 'आऊट ऑफ पॉकेट'चं शब्दाला शब्द ठेवून दिलंय.

आपल्याकडे शब्द नाही असं थोडंच आहे? पदरचा खर्च, गाठचे पैसे, आणि इकडे तर सरळ 'घरचे लागले' म्हणतात. मोठ्या बाबांचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, बिल शून्य. मोठीमाय सांगते, "बिल काईच नाई लागलं बाप्पा, पण घरचे चाळीस गेले." चाळीस हजार! नागपूरपर्यंत भाड्याची गाडी, योजनेत नाव लागायच्या आधीच्या तपासण्या, बाहेरच्या मेडिकलातून आणलेली औषधं, सोबत राहिलेल्या दोघांचं अकरा दिवसांचं जेवण, आणि ऐन वेचणीत तेच दोघं वावरात नाहीत म्हणून मजूर लावले ते वेगळंच. डोरलं गहाण पडलं ते अजून सुटलेलं नाही. मग 'मोफत शस्त्रक्रिया' असं हेडिंग वाचलं की मला राग येतो, कारण बातमी लिहिणाऱ्याने पेशंटच्या घरी एक प्रश्न विचारला असता, घरचे किती लागले, तर बातमी खरी झाली असती.

दुसरा शब्द 'घटला', म्हणजे 'खिशाबाहेरचा खर्च घटला' असं छापतात त्यातला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यात (देशात आरोग्यावर कोणी किती खर्च केला याचा सरकारी हिशोब) २०१३-१४ ला या पदरच्या खर्चाचा आकडा ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४. चांगलीच गोष्ट आहे, पण हा देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांचा वाटा आहे. आधी शंभरातले ६४ तुम्ही भरत होता, आता दोनशेतले ८० भरता, तर वाटा ४० टक्क्यांवर आला पण तुमचे १६ रुपये जास्तच गेले (हिशोब समजायला घेतलाय). म्हणून 'खर्च घटला' नाही, 'वाटा घटला' लिहा. महागाईचंही तेच, दर ६ वरून ४ वर आला की 'महागाई घटली' छापतात आणि लोक दुकानात तेलाचा भाव विचारून चक्रावतात, भाव वाढतोच आहे फक्त जरा हळू.

प्रतिसाद: दादा, सरळ 'पदरमोड' काहून नाही? एकच शब्द, सगळ्यांना समजते.

उत्तर: विचार केला होता भाऊ. पण पदरमोडीत दुसऱ्याने करायच्या खर्चात आपण पैसे घातले असा सूर आहे, जसे गुरुजी शाळेच्या खडूसाठी पदरमोड करतात. खाजगी डॉक्टरची फी आपण भरली तर ती पदरमोड नाही, पदरचा खर्च आहे. योजनेतल्या पेशंटला औषधं बाहेरून आणायला लावली ती मात्र खरी पदरमोड, तिथे हाच शब्द पाहिजे.

प्रतिसाद: पटलं. आमच्या वर्ध्याकडे 'गाठचे गेले' जास्त चालते, मोठीमायसारखंच 'घरचे' पण म्हणतात.

उत्तर: गडचिरोलीकडचं कोणी आहे का इथे? तिकडे काय म्हणतात ते पण लिहा.