मदत हवी आहे: शंभरेक मशीनवर थंडरबर्डची अकाउंटं एकगठ्ठा कशी लावायची?

नमस्कार मंडळी,

ऑफिसात शंभरेक विंडोज मशीन, मेल सर्व्हर स्वतःचा, लॉगिन डोमेनवरून. आतापर्यंत सगळे ब्राउझरमध्येच मेल बघत होते, आता थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम द्यायचं ठरलंय. प्रोग्रॅम बसवण्याची अडचण नाही, एमएसआय (इन्स्टॉलर) फाइल ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे डोमेनच्या सगळ्या मशीनना एकाच जागेवरून दिलेल्या सेटिंगमधून, बिनबोभाट बसते. घोडं अडलंय पुढे.

तयार प्रोफाइल (युजरची अकाउंटं आणि सेटिंग असलेला फोल्डर) कॉपी करण्याचा मार्ग सोडून दिलाय. प्रेफ्स डॉट जेएस फाइलमध्ये फोल्डरचे पूर्ण पाथ आणि पहिल्या युजरचं नाव जागोजागी असतं, ते कोण बदलत बसणार? म्हणून मोझिला डॉट सीएफजी ही थंडरबर्डला सेटिंग देणारी फाइल लिहिली. लॉगिन होताच चालणारी स्क्रिप्ट युजरचं नाव आणि ईमेल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (विंडोजने लक्षात ठेवलेल्या किमतीत) टाकते, फाइल ते गेटएन्व्ह या फंक्शनने उचलते. पहिल्यांदा उघडलं की अकाउंट तयार, युजरने फक्त पासवर्ड द्यायचा. इथवर झकास.

पण कोणी विभागाचा सामायिक मेलबॉक्स दुसरं अकाउंट म्हणून जोडला, की थंडरबर्ड बंद करून उघडल्यावर तो गायब! शिवाय सर्व्हर लवकरच बदलणार आहे, तेव्हा सगळीकडे नवं नाव कसं पोचवायचं? आणि सिग्नेचरचा (मेलखाली येणाऱ्या नाव-पत्त्याचा) साचा द्यायचाय, पण लोकांना त्यात बदल करता आला पाहिजे.

प्रतिसाद १

अकाउंटांची यादी तुम्ही सीएफजीत प्रेफ या कमांडने लिहिलेली दिसतेय. सीएफजी दर वेळी सुरू होताना वाचली जाते आणि प्रेफ प्रत्येक वेळी युजरच्या किमतीवर आपली किंमत लिहितं. त्यामुळे यादीत पुन्हा तुमचं एकच अकाउंट उरतं. आधी गेटप्रेफने यादी तपासा, रिकामी असेल तरच लिहा. ज्याला हात लावू द्यायचा नाही ते लॉकप्रेफ, जे सुचवायचंय ते डिफॉल्टप्रेफ. सिग्नेचर या दुसऱ्यात टाका, युजरने बदललं की त्याचंच टिकतं.

फाइलची पहिली ओळ थंडरबर्ड वाचतच नाही, तिथे कॉमेंटच ठेवा. बरेच जण इथेच तासभर डोकं आपटतात.

प्रतिसाद २

मी सीएफजीत अकाउंट लिहीतच नाही. डोमेनखाली ऑटोकॉन्फिग नावाचं सबडोमेन करून त्यावर सर्व्हरची माहिती असलेली एक्सएमएल फाइल ठेवायची. युजर नाव, ईमेल, पासवर्ड देतो, बाकीचं थंडरबर्ड तिथून घेतं. मात्र ती अकाउंट जोडतानाच वाचली जाते, नंतर फाइल बदललीत तर जुन्या अकाउंटांना पत्ता लागत नाही.

म्हणून सर्व्हर बदलायचाच असेल, तर आजच युजरांना मशीनचं खरं नाव देऊ नका. डीएनएसमध्ये (कुठलं नाव कुठल्या मशीनचं ते सांगणाऱ्या यादीत) वेगळं नाव करा आणि तेच सगळीकडे वापरा. उद्या ते नव्या मशीनकडे वळवलं की काम झालं. फक्त नव्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्येही (त्याच्या ओळखीच्या दाखल्यात) ते नाव हवं. सर्टिफिकेट अंतर्गत, म्हणजे ऑफिसनेच बनवलेलं असेल, तर थंडरबर्डच्या पॉलिसीज डॉट जेसन फाइलमधून बसवता येतं. ती इन्स्टॉल फोल्डरातल्या डिस्ट्रिब्युशन फोल्डरात ठेवायची.

धागाकर्ता

यादी रिकामी असेल तरच लिहायची अट घालून बघितली, दुसरं अकाउंट टिकलं! सीएफजी ठेवतोय, कारण ईमेल टाइप करायला लावलं की फोन मलाच येणार. डीएनएसचं नाव आजच करून घेतो. आता एकच राहिलं: सिग्नेचरमध्ये फोन नंबर हवाय, तो लॉगिन स्क्रिप्टमधूनच आणायचा ना?

प्रतिसाद १

हो. डोमेनच्या डिरेक्टरीत (युजरांच्या यादीत) नंबर भरलेला असेल तर नावासारखाच व्हेरिएबलमध्ये टाका. ज्यांचा रिकामा आहे त्यांच्यासाठी ती ओळच गाळा, नाहीतर नुसतं 'फोन:' लिहिलेले मेल बाहेर जातील.