बुनराकूचे अनुदान आणि प्रेक्षकसंख्येची अट

कळसूत्री :
ओसाकाचे तत्कालीन महापौर तोरू हाशिमोतो यांनी २०१२ साली बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्याच्या संस्थेचे वार्षिक अनुदान सुमारे ५ कोटी २० लाख येनांवरून ३ कोटी ९० लाखांवर आणले, आणि कलावंत आपल्याशी जाहीर चर्चेला बसल्याशिवाय तेही मिळणार नाही, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती चर्चा झाली. पुढील वर्षी मात्र रक्कम प्रेक्षकसंख्येशी बांधण्यात आली. करदात्यांच्या पैशांचा हिशेब मागणे रास्तच आहे. परंतु प्रेक्षक मोजणे म्हणजे देखरेख करणे असे मानता येईल का?

शिलकी बाकी :
ज्याच्यावर अट घातली त्याच्या हाती ती पूर्ण करणे होते का, हे आधी पाहावे. अनुदान मिळते ती १९६३ साली स्थापन झालेली बुनराकू क्योकाई ही संस्था कलावंतांशी करार करते. ओसाकातील राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृह (१९८४) मात्र केंद्र सरकारच्या अखत्यारीतील जपान कला परिषद चालवते आणि तेथील प्रयोगही तीच करते. जाहिरात एकाने करायची आणि खुर्ची रिकामी राहिली तर दंड दुसऱ्याने भरायचा, असा हा प्रकार झाला. पूर्ण अनुदानासाठी १,०५,००० प्रेक्षकांचे लक्ष्य ठरले होते. २०१३-१४ मध्ये संख्या एक लाखाच्या पुढे जाऊनही कपात झाली. शिवाय एक बाहुली तिघांनी मिळून चालवायची, त्यात पाय सांभाळायला दहा वर्षे आणि डावा हात सांभाळायला आणखी दहा वर्षे लागतात असे परंपरेने मानले जाते. अशा शिक्षणाचे मोल एका वर्षाच्या तिकीटविक्रीतून कसे कळणार?

तिसरी घंटा :
आपल्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत असूनही मला महापौरांची बाजू पूर्णपणे टाकाऊ वाटत नाही. मधल्या संस्थेला ठोक रक्कम देण्याऐवजी पैसा कलावंतांपर्यंत कसा पोहोचतो हे कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. कला थोर आहे म्हणून तिची संस्था चौकशीच्या पलीकडे जात नाही. (आपल्याकडेही हे भान कमीच असते.) मात्र अनुदान अडवून कलावंतांना जाहीर बैठकीस बोलावणे ही मला देखरेखीपेक्षा जरबच अधिक वाटते. तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घेण्यासाठी २०१३ साली ओसाका आर्ट्स कौन्सिल उभे राहिले. ती व्यवस्था आधी आणि कपात नंतर, असा क्रम असता तर इतका कडवटपणा आला नसता.

शिलकी बाकी :
क्रमाचा मुद्दा मान्य आहे. तुलनेसाठी आपल्याकडील १९७१ चा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा कायदा पाहावा. कलम १४ नुसार एखाद्या संस्थेला वर्षात किमान २५ लाख रुपयांचे सरकारी अनुदान किंवा कर्ज मिळाले असेल आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तर तिच्या जमाखर्चाचे लेखापरीक्षण होते. मला त्याहून मोलाचे वाटते ते कलम १५ : विशिष्ट कामासाठी अनुदान दिले असेल, तर अटी पाळल्या गेल्याची खातरजमा मंजुरी देणारा अधिकारी कोणत्या पद्धतीने करतो, याचीही छाननी होते. पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र फाइलला लावले म्हणजे अधिकाऱ्याचे काम संपले, असे त्यामुळे म्हणता येत नाही. ओसाकाच्या वादात देणाऱ्याची पद्धत तपासणारा असा कोणी समोर आल्याचे दिसत नाही; अट योग्य आहे की नाही हे ती घालणाऱ्यानेच ठरवले.