मदत हवी आहे : हृदयाची कृत्रिम झडप, आयएनआर आणि घरातल्या पालेभाज्या

नमस्कार.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप आकसत गेली आणि दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून तिच्या जागी मेकॅनिकल झडप बसवावी लागली. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी ॲसिट्रॉमची, म्हणजे रक्त सहज गोठू न देणारी, गोळी घेतात. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, २.५ ते ३.५ या दरम्यान राहायला हवा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. गोळी चुकत नाही, तरीही गेल्या वर्षभरात हा आकडा कधी ४.३ वर गेला, तर कधी १.८ पर्यंत खाली आला. दर वेळी गोळीची मात्रा बदलते, पुन्हा तपासणी होते आणि आकडा स्थिरावतो न स्थिरावतो तोच पुन्हा हलतो.

रुग्णालयातून घरी येताना मिळालेल्या कागदावर ‘हिरव्या पालेभाज्या बंद’ असे लिहिले होते. पुढे ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे आम्ही जाऊ लागलो, त्यांनी मात्र पालेभाज्या खाव्यात, पण प्रमाण सारखे ठेवावे, असे सांगितले. मला हे दुसरे म्हणणे पटते. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते आणि ही गोळी नेमके त्याच जीवनसत्त्वाचे काम अडवते. म्हणजे गोळीची मात्रा ही त्या माणसाच्या नेहमीच्या जेवणाशी जुळवलेली असते. पालेभाजी एकदम वाढली की आयएनआर उतरतो आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती एकदम थांबली की आकडा चढतो आणि रक्तस्रावाची भीती असते. पालेभाज्या पूर्ण बंद केल्या, तर एखाद्या दिवशी खाल्लेल्या वाटीभर मेथीनेही आकडा हलू शकतो.

मागच्या महिन्यात मी तपासणीचे सगळे कागद दिनदर्शिकेशेजारी ठेवून पाहिले. सासूबाई चातुर्मास पाळतात आणि श्रावणात पालेभाजी खात नाहीत. शिवाय सोमवार-शनिवारचे उपवास असतात, म्हणजे साबुदाणा, वरई, बटाटा, शेंगदाणे, ज्यांत ‘के’ जीवनसत्त्व फारच थोडे असते. ४.३ हा आकडा श्रावणातला आहे. त्यानंतर भाद्रपदात ऋषीची भाजी झाली, गौरीच्या जेवणाला अळूचे फतफते झाले आणि ते पुढेही काही दिवस जेवणात होते, १.८ हा आकडा त्या आठवड्यानंतरचा आहे. थंडीत मंडईत मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याचा पाला स्वस्त आणि ताजा मिळतो, तेव्हा तो रोज घरी येतो. उन्हाळ्यात दुधी, दोडका, भेंडी यांवर भागते. आपल्याकडे भाजी ऋतूप्रमाणे आणि सणाप्रमाणे ठरते, ती इंचाइंचाने मोजून खाल्ली जात नाही, आणि मला ती पद्धत मोडायची नाही. सासूबाईंचे अर्धे आयुष्य त्या स्वयंपाकात गेले आहे. त्यांचे व्रत बंद करा असे सांगणे हा उपाय मला तरी योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. मध्यंतरी आम्ही शेंगदाणा तेलाऐवजी सोयाबीन तेल आणू लागलो होतो. शेंगदाणा तेलात ‘के’ जीवनसत्त्व नगण्य असते, सोयाबीन तेलात ते बऱ्यापैकी असते. रोजच्या फोडणीचा परिणाम किती होत असेल हे डॉक्टरांनाच विचारणार आहे, पण तेल आता बदलायचे नाही असे ठरवले आहे.

नातेवाईक सुचवतात की, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या घ्याव्यात. मेकॅनिकल झडप असलेल्यांना त्या देत नाहीत. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या गोळीची अशा रुग्णांवर झालेली चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही अधिक आढळल्यामुळे मध्येच थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे कृपया तो पर्याय सुचवू नये.

ज्यांच्या घरी अशी गोळी वर्षानुवर्षे चालू आहे, त्यांनी प्रत्यक्षात काय केले हे मला जाणून घ्यायचे आहे. भाजीचे प्रमाण कच्च्या जुडीवर मोजायचे की शिजलेल्या वाटीवर? कोथिंबीर धरायची का? श्रावण आणि नवरात्र कसे सांभाळता? घरी आयएनआर मोजण्याचे यंत्र कोणी वापरत असल्यास त्याचाही अनुभव कळवावा.

प्रतिसाद

नमस्कार ताई. माझ्या वडिलांना मेकॅनिकल झडप बसवून बरीच वर्षे झाली. आम्ही शिजलेली वाटी मोजतो, कारण मेथीची मोठी जुडी शिजून किती उरते ते सांगता येत नाही, आणि वाटी एकच ठेवतो. आठवड्यात पालेभाजीचे वार ठरलेले आहेत. ऋतूप्रमाणे भाजी बदलते, वाटी आणि वार बदलत नाहीत. पालकाच्या जागी कोबी आला तर प्रमाण सारखे राहत नाही, कारण कोबीत ‘के’ जीवनसत्त्व बरेच कमी असते. त्यामुळे पाल्याच्या जागी पालाच येतो. वरून भुरभुरलेली कोथिंबीर आम्ही धरत नाही, पण हिरवी चटणी किंवा कोथिंबीरवडी झाली की ती पालेभाजीच समजतो.

श्रावणाबद्दल माझे मत असे की, व्रत सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवावे आणि सुरू झाल्यावर आठवड्याभरात तपासणी करावी. व्रत संपल्यावर पुन्हा एकदा. मात्रा तेच बदलतील. गौरीला अळू खाल्ले म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवू नये. ॲसिट्रॉमचा अंमल लवकर चढतो आणि लवकर उतरतो, त्यामुळे चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेणेही धोक्याचे आहे.

जेवण नीट सांभाळूनही आमचा आकडा एकदा फार वर गेला, तो दाढेसाठी दिलेल्या मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकमुळे. जुलाब झाले, जेवण तुटले, अँटिबायोटिक सुरू झाले किंवा कोणी काढा दिला, की लगेच फोन करतो. अंगदुखीला डायक्लोफेनॅकसारखी गोळी स्वतःहून देऊ नये. डोक्याला मार लागला, शौचाला काळे झाले, बोलणे अडखळले, किंवा झडपेचा टिकटिक आवाज एकाएकी मंदावून धाप लागली, तर तपासणीची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

यंत्र आम्ही वापरतो. त्याला लागणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या महाग पडतात, आणि प्रयोगशाळेतील आकड्याशी ते अधूनमधून पडताळून घ्यावे लागते. आकडा फार वर दिसला, तर शिरेतून रक्त देऊन खात्री केल्याशिवाय आम्ही काही ठरवत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. वार ठरवण्याची कल्पना सासूबाईंना लगेच पटली आणि मंगळवार, गुरुवार व रविवार त्यांनी स्वतःच निवडले. तपासणी आता हेच वार चालू ठेवून दोन आठवड्यांनी करू, म्हणजे मात्रा या जेवणाप्रमाणे बसेल. एकच विचारायचे राहिले : तपासणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करता का, आणि घरून रक्त घेऊन जाणाऱ्यांकडे आकड्यात फरक पडल्याचा कोणाला अनुभव आहे का?