वय ३४, मेकॅनिकलमधून बाहेर पडायचंय: एलएलबी की एमए सायकॉलॉजी?

चाकणवाला:
ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, ११ वर्षं झाली. रात्री दोनला कस्टमरचा फोन, लॉट रिजेक्ट, मग ८डी रिपोर्ट (चूक का झाली, परत कशी टाळणार त्याचा) भरा, पुढच्या आठवड्यात परत तेच. कंटाळलो. डोक्यात दोन गोष्टी आहेत, तीन वर्षांचं एलएलबी, नाहीतर डिस्टन्सने एमए सायकॉलॉजी करून काउन्सेलर. घराचा हप्ता चालू, मुलगी पहिलीत, म्हणजे नोकरी सांभाळूनच करायचं. बायको म्हणते कर, पण एकदाच काय ते ठरव. या वयात कुणी केलंय का?

खिडकीजवळची:
डिस्टन्सचं विसरा. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन दोन्हीला बंद केलंय, त्यामुळे कुणी "होतं हो" म्हणून फी मागितली तर देऊ नका. रेग्युलर केलंत तरी नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन लागतं आणि त्याचं ट्रेनिंग वेगळं.

कोर्टातला नवखा:
भावा, मी ३५ व्या वर्षी सीईटी दिली. वयाची वरची अट नाही, अडचण पुढे आहे. एलएलबी डिस्टन्सने होत नाही, ७० टक्के हजेरी लागते, आणि तुझ्या शिफ्टमध्ये ती कशी बसवणार ते आधी बघ. सनद (वकिलीचा परवाना) घेतली की पगारी फुलटाइम नोकरी करता येत नाही, आणि सिनिअर वकिलाकडे सुरुवातीला मिळतं ते पेट्रोलला पुरलं तरी खूप. हप्त्याचं काय करणार? एक बरं झालं, १ जुलै २०२४ ला आयपीसी जाऊन न्याय संहिता आली, त्यामुळे कलमांचे नंबर सिनिअरही आमच्यासारखेच चाळत बसतात :)

ड्रॉइंगबोर्ड:
बीई आहे ना? मग पेटंट एजंटची (लोकांचे पेटंटचे अर्ज करून देणारा) परीक्षा बघ की. सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री चालते, एलएलबी लागत नाही, दोन पेपर आणि तोंडी. दरवर्षी होईलच असं नाही, पण अभ्यास नोकरी करत होतो. कायदा वाचायला आवडतो का तेही कळेल, तीन वर्षं न घालवता.

चाकणवाला:
हे माहीतच नव्हतं. ड्रॉइंग वाचायला मला अजूनही आवडतं, वैताग आहे तो रात्रीच्या फोनचा. सिलॅबस उतरवून घेतलाय. बायकोला अजून बोललो नाही, दोनातून एक ठरवायला सांगितलं होतं आणि मी तिसरंच घेऊन चाललोय.