१ किलो कुरडया, ४ किलोचं भाडं

सुलभा (बी-४०२): कुरडयांचं पार्सल नागपूरहून परत आलं. कुरिअरचा पोऱ्या तीनदा जाऊन आला, गिऱ्हाईक फोनच उचलेना. पैसे घरी आल्यावर देणार होते म्हणे. ऑर्डर ४५० ची. जायचं भाडं २१०, यायचं १८०. आणि आत नुसता चुरा!

प्रसाद (ए-१०१): १ किलोला २१०? लुबाडलं की ताई तुम्हाला. माझा चार्जर फुकट येतो घरपोच.

निखिल (सी-३०३): नाही लुबाडलं, दादा. भिवंडीला गोदामात हेच बघतो मी दिवसभर. काकू, खोकं केवढं होतं?

सुलभा: ३० बाय ३०, उंची २० सेंमी. दाटून भरल्या की मोडतात रे.

निखिल: मग बरोबर. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. बरेच कुरिअरवाले असंच धरतात. तुमचं आलं ३.६, म्हणजे बिलात ४ किलो. काट्यावरचं वजन आणि हे, जे जास्त त्याचे पैसे. गाडीत जागा अडते ना.

सुलभा: हवेचेसुद्धा पैसे घेतात मेले.

प्रसाद: आणि माझा चार्जर?

निखिल: त्याचं भाडं किमतीतच बसलंय. शिवाय त्या कंपन्यांची पार्सलं रोजची हजारोंनी, भाव पाडून मिळतो. पिकअपची गाडी २ पार्सलं न्यायला येवो की ५०, डिझेल तेवढंच. आपल्या गेटवर पोऱ्या एका फेरीत १५ टाकून जातो. लांबच्या वाडीवर एका पार्सलासाठी तासभर मोडतो.

वैशाली (ए-५०२): मी तीन साइज मागवते, दोन परत करते 🙈 ते पण फुकट नेतात.

निखिल: तेच सगळ्यांत महाग, ताई. परत न्यायला माणूस, मग हब, उघडून तपासणी, पुन्हा पॅकिंग. एवढं करून माल विकण्याजोगा राहिला तर नशीब. काकूंचंच घ्या. समजा १० पाठवली, २ परत आली, तर ७८० गेले भाड्यात. उरलेल्या ८ वर चढवले तर प्रत्येकी ९८.

सुलभा: म्हणून मागे एकदा पैसे आधी घ्यायला लागले, तर अर्धी गिऱ्हाइकं गळाली.

मीनल (ए-२०४): माझ्या कानातल्यांची आठवड्याला ६-७ जातात. सी विंगच्या काकूंच्या गोधड्याही असतात. तिघींनी एकाच खात्यावरून पाठवलं तर?

निखिल: थोडा भाव सुटेल. गोधडी दाबून बसते तरी, कुरडई नाही बसत. पण खातं कुणाचं? गिऱ्हाइकांचे पैसे त्यातच येणार आणि परतीचं भाडंही त्यातूनच कापणार. हिशेबाची वही कुणाकडे ते आधी ठरवा, नाहीतर लिफ्टमध्ये भांडाल.

सेक्रेटरी: गेटवर कालपासून ११ पार्सलं पडलीत. आधी ती उचला.

मंगलाकाकू (बी-१०३): सुलभा, चुरा टाकू नकोस गं. आमच्या जळगावकडे कुरडईची भाजी करतात, कांदा-लसूण घालून. पातेलं घेऊन येते.

सुलभा: या. मोठंच आणा, ४ किलोचं बिल भरलंय मी.