अडचण अक्षरसंख्येची की मांडणीची?

दोन लिप्या एकाच वेळी शिकवल्यास मूल गोंधळते, म्हणून आधी राज्यभाषेची लिपी पक्की करून घ्यावी, हे मत मला अर्धेच पटते. गोंधळ होतो हे खरे, परंतु त्याचे मूळ मला अक्षरांच्या संख्येपेक्षा मांडणीत दिसते. संताल आदिवासींच्या संताली भाषेचे उदाहरण घ्या. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये तयार केलेल्या ओल चिकी लिपीत अवघी ३० अक्षरे आहेत आणि प्रत्येक स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून, उच्चाराच्याच क्रमाने, व्यंजनानंतर लिहिला जातो. पश्चिम बंगालमधील संताली मूल बंगाली वाचू लागते, तेव्हा ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी दिसतो पण नंतर उच्चारायचा असतो, ओकार व्यंजनाला दोन्ही बाजूंनी वेढतो, आणि काहीच न जोडलेल्या व्यंजनातही बहुधा एक स्वर दडलेला असतो. (आपल्या ‘कि’ची वेलांटीही आधीच येते, सवयीमुळे ते आपल्याला खटकत नाही, इतकेच.) शब्दातील ध्वनी सुटे करून ऐकण्याचे कौशल्य मातृभाषेतून आले की दुसऱ्या लिपीतही कामी येते; स्वरचिन्ह कुठे लिहायचे याची मांडणी मात्र शिक्षकाने दोन्ही लिप्या शेजारीशेजारी फळ्यावर लिहून मुद्दाम शिकवावी लागते.